देवाची गोळी

त्या घरात तिला 'देवाची गोळी' म्हणत. ती कुठल्या देवळातून प्रसाद म्हणून येत नसे. तळवड्यातल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी नवनाथचं मेडिकल होतं, तिथून यायची. बाईची पाळी चार-आठ दिवस पुढं ढकलणारी साधी गोळी. पण यशोदाबाई ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, हळदी-कुंकवाच्या डब्याला लागून ठेवायची, म्हणून हे नाव पडलं. गौरी आल्या की गोळी. घट बसले की गोळी. थोरल्या लेकाची वास्तुशांत, मावसबहिणीची हळद, गावाकडचं जागरण, काहीही निघालं की पोरीच्या तळहातावर गोळी. गणपती तोंडावर आले की नवनाथच्या दुकानात हिला एवढं गिऱ्हाईक, की कापूर-उदबत्तीवाल्यानं हेवा करावा. डॉक्टरची चिठ्ठी तो मागत नसे आणि बायका दाखवत नसत.

वर्षाली ही यशोदाबाईची धाकटी. चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करायची, दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. स्वभावानं तिखट. एखादी वायर चुकीच्या खाचेत गेलेली दिसली की लाल चिठ्ठी लावून अख्खी लाइन थांबवायची आणि सुपरवायझर सुजितला तोंडावर सांगायची, "आधी हे नीट करा, मग माझ्यावर ओरडा." पण हीच पोरगी घरी देव्हाऱ्यासमोर हात पसरून उभी राहायची आणि मुकाट गोळी गिळायची. पंधराव्या वर्षापासून गिळत आली होती. तिला स्वतःचा राग यायचा तो यासाठीच.

घर दोन खोल्यांचं. देव स्वयंपाकघरात, म्हणून पाळीच्या दिवसांत वर्षालीला स्वयंपाकघर बंद. तिची सतरंजी बाहेरच्या खोलीत दाराशी पडायची, आणि दार दिवसभर उघडं. त्यामुळे समोरच्या आबाजींपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक, की ज्योतीरामची पोरगी आज दाराशी आहे. तोंडानं कुणी काही बोलत नसे. सतरंजी दिसत होती, तेवढं पुरे होतं.

आणि 'पाळी' या शब्दाचं तर काय सांगावं. ज्योतीराम, म्हणजे वर्षालीचे आप्पा, धाराशिवकडून आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर त्यांनी सगळी उमर घातली. जुन्या कामगारांसारखे तेही शिफ्टला पाळीच म्हणायचे. 'या आठवड्यात माझी दुसरी पाळी', 'पाळी सुटली की दूध घेऊन येतो.' लहानपणी वर्षाली कोपऱ्यावर त्यांची वाट बघत उभी राहायची आणि कुणी विचारलं तर ऐटीत सांगायची, "आमच्या आप्पांची पाळी सुटायचीय." मग ती तेरा वर्षांची झाली, तिची पहिली सतरंजी दाराशी पडली, आणि त्याच दिवसापासून आप्पा 'शिफ्ट' म्हणायला लागले. कुणी सांगितलं नाही, काही ठरलं नाही. पोरीबरोबर त्या शब्दालाही त्यांनी बाजूला बसवलं. वर्षालीला ते तेव्हाच कळलं होतं आणि ती ते विसरली नव्हती.

यंदा गौरींना तिनं गोळी घेतली. गोळी बंद केली की दोन-चार दिवसांत पाळी यायची, ही नेहमीची रीत. यंदा आली नाही. नवरात्र उजाडलं तरी नाही. यशोदाबाईला तर आनंद झाला. "बघ," ती म्हणाली, "गोळीसुदिक लागली न्हाई. देवीनं सांभाळलं." दिवाळीतही देवीनं सांभाळलं. इकडं वर्षालीचे केस मूठ मूठ गळत होते, चपला पायांना घट्ट होत होत्या, सकाळी अंथरुणातून उठणं जिवावर यायचं. त्यावर आईचं एकच म्हणणं, "मोबाइल बघत पडतीस, मग उठवंल कसं?" सतरंजी माळ्यावर गुंडाळून पडली होती आणि त्याचं घरात कुणाला काही वाटत नव्हतं.

वाटायला लागलं ते स्थळ आल्यावर.

मुलगा कासारवाडीचा, नाव ज्ञानेश. तळवड्याच्याच आयटी पार्कात नोकरी. वर्षालीला तो आवडला होता, खोटं कशाला सांगा. दोनदा भेटले. पिंपळे सौदागरला कॉफी पिताना त्यानं तिला वायरिंगबद्दल इतके प्रश्न विचारले की तिनं मनातल्या मनात तिथंच होकार देऊन टाकला. त्याची आई गेलेली. घरातल्या बायकांकडचा सगळा कारभार आत्याकडे, सुमनताईकडे. या सुमनताईचा एका दुपारी यशोदाबाईला फोन आला. मानपानाचं बोलून झालं, मग तिनं आवाज खाली घेतला.

"आता पोरीची तारीख तेवढी सांगा. बैठकीला गुरुजी मुहूर्त काढणार हाईत, त्यांच्या कानावर घालाया पायजे."

तारीख म्हणजे काय, ते आपल्याकडच्या प्रत्येक बाईला कळतं. मुहूर्त पंचांगातून निघतो असं पुरुष समजतात. खरं तर मुलीची पाळी महिन्याच्या कितीला येते ते आधी विचारून घेतात, ते दिवस वगळतात, आणि उरलेल्या दिवसांत ग्रह-नक्षत्रं बसवतात.

"पाच-सहाला येती," यशोदाबाई म्हणाली. "एकदम घड्याळागत."

वर्षाली शेजारीच मेथी निवडत बसली होती. फोन ठेवून आई वळली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. खोटं सांगून झाल्यावर तिला खरं आठवलं होतं. तिनं उठून बाहेरचं दार लावलं. त्या घराचं दार दिवसा सहसा लागत नसे.

"खरं सांग. तसलं काही न्हाई ना?"

"तसलं म्हणजे?"

"मला बोलाय लावू नकोस. गौरीपासनं तू दाराशी बसली न्हाईस. आन् दोनदा त्याला भेटून आलीस."

वर्षालीच्या डोक्यात तिडीक गेली. "नवरात्रात देवीनं सांभाळलं होतं ना? मग देवीलाच विचार की."

यशोदाबाईनं तिच्या तोंडात मारली. मारली आणि पर्स उचलून बाहेर पडली. ज्या नवनाथकडून ती उजळ माथ्यानं गोळ्या आणायची, त्याच्याकडून दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी आणायची मात्र तिला लाज वाटली. रिक्षा करून थेट निगडीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीच्या दाराबाहेर ती पहारा दिल्यासारखी उभी राहिली. पट्टीवर एकच रेघ आली. तिचा विश्वास बसेना. पुढच्या सकाळी दुसरी पट्टी. पुन्हा एकच रेघ. ती पट्टी तिनं ट्यूबलाइटखाली धरून उलटीसुलटी पाहिली, मग देवासमोर जाऊन हात जोडले. पोरीशी काही बोलावं असं तिच्या मनातही आलं नाही. आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. दोन्ही दिवस त्यांनी पान उलटलं नव्हतं.

पाळी का येत नाही, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारलाच नाही. पोरगी 'तशी' नाही एवढं कळलं, विषय मिटला.

तो प्रश्न विचारला मैत्रीनं. मैत्री वर्षालीच्याच लाइनवर होती, दोघी एकाच बसनं यायच्या-जायच्या. तिचं घर बौद्ध. तिथं सतरंजीची भानगड नव्हती. "माझ्या आईचं पोट दुखलं तर ती झोपते, नाही दुखलं तर भाकरी करते," मैत्री सांगायची, "देव काय मधे पडत नाय." वर्षालीनं बसमध्ये तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

"चार महिने? आणि डॉक्टर?"

"आई म्हणते आधी लग्न होऊ दे."

"वर्षे, एक वायर निसटली तर तू सुजितचं रक्त पितेस. आणि इथं चार महिने लाइन बंद आहे तरी गप्प? उद्या पहिली शिफ्ट सुटली की आपण जायचं. मी ऐकणार नाय."

डॉक्टर भाग्यश्री नावाच्या बाई होत्या, बोलायला सडेतोड. त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?"

वर्षाली म्हणाली, "कुठली विचारताय, मॅडम? माझी का गोळीची?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग एकेक करत सगळं बाहेर आलं, गौरी, घट, वास्तुशांत, हळद, जागरण. गोळीशिवाय आपली आपण आलेली शेवटची पाळी कुठली, ते वर्षालीला आठवता आठवेना. सव्वीस वर्षांच्या बाईला स्वतःच्या अंगाची एवढी गोष्ट सांगता येऊ नये, याची तिला तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या लाज वाटली, आणि मग लाज वाटल्याचा संताप आला.

"पाळी चुकली की एक तर दिवस गेले, नाहीतर तोंड काळं केलं, एवढ्या दोनच गोष्टी लोकांना माहीत," डॉक्टर म्हणाल्या. "दिवस गेलेत का ते आधी बघायचंच असतं, ते बघितलंत. पण कारणं कितीतरी असतात. थायरॉइड, वजन, ताण, बीजकोशाचा त्रास, झोपेची आबाळ, तुमच्या शिफ्टची उलथापालथ. एखाद्या महिन्यात चार दिवस मागं-पुढं झाली तर घाबरायचं नाही. तीन महिने आलीच नाही तर मात्र घरी बसायचं नाही."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. थायरॉइड मंदावलं होतं, तेही बऱ्याच दिवसांपासून. गळणारे केस, सुजलेले पाय, न उठवणारं अंग, सगळं त्याचंच असावं.

"मग आधी कसं कळलं नाही?" वर्षालीनं विचारलं.

"तुझी पाळी मागंच बिघडायला लागली असणार. पण मधूनमधून गोळ्या होत्या. त्या बंद केल्या की अंगावरून जायचं, आणि तुम्हाला वाटायचं सगळं ठीक आहे. शरीर ओरडत होतं, तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबत होता." डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी लिहून दिली, रोज सकाळी उपाशीपोटी. "आणि ती दुसरी आता बंद. गोळी वाईट नसते, पण ती खाऊसुद्धा नव्हे. मला विचारल्याशिवाय एकही घ्यायची नाही. आधी तुझी तुला येऊ दे."

बाहेर आल्यावर मैत्री चहा घेऊ म्हणाली. वर्षालीनं कप टेबलावर आपटला. आजाराची भीती नव्हती वाटत. आजार साधा होता, औषध होतं. तिला राग आला होता. ज्या आईनं दहा वर्षं गोळ्या चारल्या, तीच आई मोरीबाहेर पहारा देते. ज्या नवनाथनं न विचारता गोळ्यांच्या पट्ट्या दिल्या, तो येता-जाता 'ताई, बरंय ना' करतो. आणि आपण स्वतः, लाल चिठ्ठ्या लावणाऱ्या, हात पसरून उभ्या राहिलो. कुणाकुणावर रागवायचं तेच तिला कळेना.

घरी येऊन तिनं सांगितलं तर यशोदाबाईनं सुस्कारा टाकला. "थायरॉइड व्हय. ते काय, आजकाल सगळ्यांनाच असतंय. लग्न होईस्तोवर कुणापाशी बोलू नकोस." आणि लगेच पुढचं, "हळदीच्या आदीपासनं त्यांच्याकडचं जागरण-गोंधळ होईपत्तोर देवाची गोळी घ्यायची, ध्यानात ठेव."

"आई, येतच नाही तर पुढं काय ढकलायचं?"

"आन् नेमकी त्याच दिवशी आली तर?"

"डॉक्टर नको म्हणाल्यात."

"डॉक्टरला काय लेकीचं लग्न करायचंय? मी जन्मभर घेतल्या. काय झालं मला?"

"तुझी पिशवी काढली, आई. चाळिशीच्या आत."

"ती येगळ्यानं काढली."

"कशानं?"

यशोदाबाईनं ओट्यावरचं फडकं उचललं, पुन्हा ठेवलं. "डॉक्टर म्हणले काढा. तुझ्या आप्पांनी सही केली. काढली," ती म्हणाली. कशानं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. वर्षालीला पहिल्यांदाच आईवरच्या रागासोबत आईसाठीही राग आला. पण गोळी घेणार नाही, हे तिनं त्याच क्षणी नक्की केलं.

ज्ञानेशला तरी खरं माहीत असावं म्हणून तिनं त्याला मेसेज केला: 'एक सांगायचं होतं. माझी पाळी चुकतेय, बरेच दिवस.' त्याचं उत्तर लगेच आलं. 'बस चुकते का? मी सोडत जाईन ना बाइकवर. सांगायचंस आधी.'

तिला आधी हसू फुटलं. मग हसता हसताच भडका उडाला. तिशीला आलेला माणूस, घरात आत्या, दोन चुलत बहिणी, आणि याला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक. तिनं पुन्हा लिहिलं, सरळ, कुठलाही आडपडदा न ठेवता: थायरॉइड, डॉक्टर, गोळ्या, आईनं सांगितलेली खोटी तारीख, सगळं. उत्तर आलं, 'ओह. सॉरी.' आणि मग, 'आत्याला नको सांगूस प्लीज. बैठक होऊ दे आधी.'

बैठक रविवारी होती. बाहेरच्या खोलीत, जिथं वर्षालीची सतरंजी पडायची नेमकी तिथंच, नवी चादर अंथरून पाहुणे बसवले. ज्ञानेशचे वडील लक्ष्मणराव, गुरुजी, ज्ञानेश. आपल्या बाजूनं आप्पा आणि गल्लीतले वडीलधारे म्हणून आबाजी. मधे सुपारीचं ताट. बायका स्वयंपाकघरात, आणि सुमनताई बरोब्बर उंबऱ्यावर, म्हणजे दोन्हीकडं लक्ष राहतं.

"गुरुजी, पाच-सहा सोडून बघा," तिनं उंबऱ्यावरूनच सांगितलं.

गुरुजींनी मान डोलावली. कशाचं पाच-सहा ते त्यांनी विचारलं नाही. पंचांगातून बोट फिरवत म्हणाले, "सत्तावीस उत्तम निघतेय."

वर्षाली पोह्यांच्या बशा घेऊन निघाली होती. यशोदाबाईनं मागून तिचा हात धरला आणि मुठीत गोळ्यांची पट्टी कोंबली. "एकवीसपासनं चालू कर," ती कुजबुजली. ते सुमनताईनं ऐकलं. वर्षालीला वाटलं, आता ही काहीतरी विचारील. सुमनताईनं हसून मान हलवली. "व्हय बाई, आमच्यातबी समद्या घेत्यात. म्या सांगणारच व्हते."

म्हणजे हिलाही तारखेवर भरवसा नव्हता. तारीख खरी की खोटी याच्याशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं. गोळी होतीच. उद्या त्या घरात गौरी येतील, घट बसतील, आणि ही बाई अशीच हसून हातावर पट्टी ठेवील. वर्षाली बाहेर आली आणि तिनं बशांचा ट्रे पाहुण्यांपुढं ठेवला.

"पाच-सहा खोटं आहे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "मला तारीखच नाही. चार महिने माझी पाळी आलेली नाही."

गुरुजींनी पंचांगाचं पान उगाच उलटलं. आबाजींनी मान खाली घातली. आणि मग आप्पा बोलले, घाईघाईनं, घसा खाकरत.

"कंपनीचं म्हणतीय ती. शिफ्ट बदलून मागितली होती हिनं, त्यात हिची पाळी अजून आली न्हाई. आमी जुने कामगार, आमी पाळीच म्हणतो शिफ्टला. तेच तिच्या तोंडी बसलंय."

सगळ्यांनी ती काडी पकडली. "व्हय व्हय," लक्ष्मणराव म्हणाले, "आमच्या टायमालाबी पयली पाळी, दुसरी पाळी असंच म्हणायचे." आबाजीही हो म्हणाले. गुरुजींचा चेहरा सैल झाला. आप्पा सोडले तर त्या खोलीतल्या पुरुषांपैकी खरं काय ते एकट्या ज्ञानेशला पक्कं माहीत होतं. वर्षालीनं त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलला असता तरी पुरलं असतं. तो पोह्यांवर लिंबू पिळत होता.

तिला एवढा राग जन्मात आला नव्हता. ज्ञानेशचा आला त्याहून आप्पांचा आला. तेरा वर्षं ज्या शब्दाला त्यांनी घरात घेतलं नाही, तो आज तोंडात आला, आणि कशासाठी, तर तिच्यावर पांघरूण घालायला.

"नाही आप्पा," ती म्हणाली. "ती पाळी नाही. कुठली ते तुम्हाला माहितीये. इथं सगळ्यांनाच माहितीये." मग ती लक्ष्मणरावांकडे वळली. "काका, मला थायरॉइडचा त्रास आहे. औषध चालू आहे, बरी होणार आहे मी. पण लग्नासाठी ही गोळी मी घेणार नाही, आणि लग्नानंतरही कुठल्या देवासाठी घेणार नाही. मुहूर्त कुठलाही काढा. त्या दिवशी पाळी आली तर आली. मी तशीच हळद लावून घेईन, तशीच बोहल्यावर उभी राहीन. चालत असेल तर सत्तावीस धरा."

आणि मुठीतली पट्टी तिनं सुपारीच्या ताटात ठेवली.

लक्ष्मणराव उठले. "बगू. कळवतो," एवढंच म्हणाले. सुमनताईनं पदर सारखा करत उंबरा ओलांडला. "पोरगी लईच स्पष्ट हाय तुमची," ती यशोदाबाईला म्हणाली. पोहे तसेच राहिले. ज्ञानेश बूट घालताना दाराशी घुटमळला.

"असं सगळ्यांसमोर कशाला, वर्षाली?"

"तुला एकट्याला सांगितलं होतं की," ती म्हणाली. "तू बाइकवर सोडणार होतास."

ते गेल्यावर यशोदाबाईनं हंबरडा फोडला, मग शिव्या घातल्या, मग अबोला धरला. आप्पा खुर्चीत बसून राहिले. वर्षालीला त्यांची कीव आली असती, पण तेवढी तिच्यात शिल्लक नव्हती. "तेरा वर्षांनी म्हणालात तो शब्द," ती म्हणाली, "आणि तोही खोटं बोलायला."

चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही. ती आधीच जुळवून झाली होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ज्ञानेशनं एक लांबलचक मेसेज पाठवला. तू बरोबर होतीस, पण आमच्या घरात, वगैरे. तिनं उत्तर दिलं नाही. तिला रडू आलं नाही असं नाही. कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ती चांगली रडली, आणि मैत्री शेजारी बसून राहिली. पण केलं ते चुकलं, असं तिला एकदाही वाटलं नाही.

थायरॉइडची गोळी ती रोज सकाळी घेत होती. एका सकाळी यशोदाबाईनं अबोला मोडला. देव्हाऱ्याखालच्या कप्प्याकडे बघत तिनं खोचक विचारलं, "आता ही कुणाची गोळी?"

"माझी," वर्षाली म्हणाली आणि पाण्याबरोबर ती गिळली.

पाळी आली ती आणखी काही आठवड्यांनी, पहिल्या शिफ्टला, लाइन चालू असताना. कसली गोळी नाही, कुठला सण नाही, आपली आपण. वर्षालीनं मैत्रीला खूण केली. सुजित हटकायला आला, "मॅडम, लाइन सोडून कुठं?" "पाळी आलीय," ती म्हणाली, "माझी. सरका." तो इतक्या झटकन सरकला की मैत्रीला हसू आवरेना.

दुपारी ती घरी पोचली तेव्हा आप्पा दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. समोरच्या ओट्यावर आबाजी. यशोदाबाई उंबऱ्याच्या आत गहू पाखडत होती.

"आई, पाळी आली," वर्षालीनं दारातच सांगितलं. आबाजींना ऐकू जाईल असं सांगितलं.

यशोदाबाईचा हात थांबला. चेहऱ्यावर क्षणभर सुटका दिसली, नाही असं नाही. पण लगेच ती उठली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरची सतरंजी ओढायला लागली. वर्षाली तिच्या बाजूनं सरळ स्वयंपाकघरात गेली, माठावरचं झाकण काढलं, पेला बुडवला.

"अगं शिवलीस सगळं," यशोदाबाई स्टुलावरून ओरडली. "भाईर हो आदी. भाईर हो म्हणते ना."

"पिऊ दे पाणी तिला," बाहेरून आप्पांचा आवाज आला. पेपर तसाच तोंडासमोर होता. "पाळीवरनं आलीय ती."

यशोदाबाई सतरंजी हातात घेऊन स्टुलावर तशीच उभी राहिली. वर्षालीनं ते शब्द ऐकले. आप्पांना कामाची पाळी म्हणायची होती की दुसरी, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ती दारात काय म्हणाली ते त्यांनी ऐकलं होतं, आणि आबाजी समोरच बसले होते. तिचा राग काही एवढ्यानं जाणार नव्हता. तेरा वर्षांचा होता तो. तिनं पाणी संपवलं, पेला पुन्हा माठात बुडवून भरला, बाहेर नेला आणि आप्पांच्या पुढं धरला.

आप्पांनी पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. समोर आबाजी टक लावून बघत होते. आप्पांनी पेपर खाली ठेवला, पेला हातात घेतला आणि आबाजींच्या देखत सगळं पाणी प्यायले.